पारदर्शक अलाइनर लावायच्या विचारात आहात? माझे १४ महिने, सविस्तर

मोरपीस

अलाइनर म्हणजे दात सरळ करायला दातांवर घालायचे, काढता येणारे प्लास्टिकचे साचे; त्यातल्या एकेकाला ट्रे म्हणतात. गेल्या आठवड्यात माझा शेवटचा ट्रे संपला. दातांवर चिकटवलेले उंचवटे डॉक्टरांनी घासून काढले आणि १४ महिन्यांनी जिभेला पुन्हा गुळगुळीत दात लागले. सुरू करण्याआधी मी महिनाभर माहिती शोधत होते. जिथे तिथे दोनच फोटो सापडायचे, आधीचा आणि नंतरचा. मधले दिवस कसे जातात ते कुणी सांगत नव्हतं, म्हणून हा धागा काढतेय.

माझं वय ४१. शाळेत असताना तारा लावायच्या राहून गेल्या. खालचे पटाशीचे चार दात एकमेकांवर चढलेले आणि वरच्या सुळ्याशेजारचा एक दात तिरका वळलेला. वरचे-खालचे मिळून २८ जोड ठरले, दर १० दिवसांनी नवा. ते संपल्यावर पुन्हा स्कॅन करून आणखी १२ जोड आले. या दुसऱ्या फेरीची कल्पना मला कुणी आधी नीट दिली नव्हती. ती जवळपास सगळ्यांना लागते, त्यामुळे पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

पहिला दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो. डॉक्टरांनी दातांना जेल लावलं, धुतलं, वाळवलं आणि निळा दिवा धरून दाताच्याच रंगाचे सात छोटे उंचवटे बसवले. त्यांना अटॅचमेंट म्हणतात. प्लास्टिकला दात पकडायला खुंटी हवी, ती ही. अलाइनर घातला की दिसत नाहीत, काढला की आरशात जवळून दिसतात. पहिले चार दिवस ओठाची आतली बाजू त्यांच्यावर घासून हुळहुळी झाली होती.

घरी आल्यावर पहिल्यांदा ट्रे काढायला मला वीस मिनिटं लागली. बेसिनपाशी उभी, अंगठ्याचं नख तुटलेलं, डोळ्यांत पाणी. वाटलं, हा आता निघतच नाही. युक्ती साधी आहे: पुढून ओढायचं नाही. शेवटच्या दाढेपाशी आतल्या बाजूने बोट अडकवायचं, एक बाजू सोडवायची, मग दुसरी, आणि पुढचे दात सगळ्यात शेवटी. आकड्यासारखं एक छोटं साधन मिळतं, तेही घ्या. आठवडाभरात मी पाच सेकंदांत काढायला लागले.

दोन दातांच्या मधली थोडी जागाही घासून करावी लागली. त्याची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. बारीक पॉलिशपेपरची पट्टी दोन दातांमधून मागेपुढे फिरवतात. करकर आवाज डोक्यात घुमतो आणि जिभेवर पिठूळ चव येते, पण दुखलं मात्र अजिबात नाही.

आता खरी गोष्ट. दिवसाला २० ते २२ तास ट्रे तोंडात हवा. म्हणजे खाणं, पिणं, दात घासणं, सगळं मिळून दोन, फार तर चार तासांत. ट्रे घालून फक्त साधं पाणी. गरम चहा-कॉफीने प्लास्टिकचा आकार बिघडतो आणि डागही पडतात. गोड पेय प्यायलं तर ते ट्रेच्या आत दातांना तासन्‌तास चिकटून राहतं, तिथवर लाळ पोचत नाही, आणि दात किडतात. मधल्या वेळी तोंडात काहीतरी टाकायची माझी सवय पहिल्या पंधरवड्यातच गेली, कारण प्रत्येक घासामागे काढा, खा, घासा, घाला.

विचारा काय विचारायचं ते.

पाऊलवाट

मोरपीस, याच धाग्याची वाट बघत होते. माझा स्कॅन पुढच्या आठवड्यात आहे. दोन प्रश्न. दुखतं किती? आणि बोलण्याचं काय? माझं दिवसभर फोनवर काम असतं, समोरच्याला शब्द कळले नाहीत तर पंचाईत.

मोरपीस

दुखणं म्हणण्यापेक्षा आवळल्यासारखं वाटतं. नवा ट्रे घातल्यावर पहिले एक-दोन दिवस जास्त, तिसऱ्या-चौथ्या दिवशी जवळपास विसरायला होतं. चावताना मात्र कळतं, दात जणू कोवळे झालेत असं. मी नवा ट्रे नेहमी रात्री झोपताना घालायचे, म्हणजे पहिले सहा-सात तास झोपेत निघून जात.

बोलण्यात पहिला आठवडा स आणि श शिट्टी मारल्यासारखे यायचे. चाक, जाड, झाड यांतले च-ज-झ अडखळायचे, कारण तिथे जीभ दातांच्या मुळाशी टेकते आणि नेमकी तिथेच प्लास्टिकची कड असते. चिमटी, जीव यांना काही व्हायचं नाही. मी रोज पंधरा मिनिटं वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं. दहाव्या दिवशी मलाच फरक कळेनासा झाला. तुझं फोनचं काम आहे तर पहिला ट्रे सुट्टीला जोडून घाल. आणि कॉल आला म्हणून ट्रे काढू नकोस, नाहीतर जिभेला सवयच होत नाही.

औदुंबर

मी ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात सरळ करणारा दंतवैद्य आहे, १६ वर्षं हेच काम करतोय. मोरपीस यांनी तासांबद्दल लिहिलंय ते का महत्त्वाचं आहे, ते थोडं उलगडून सांगतो. रोज कुणीतरी मला विचारतं, "डॉक्टर, १५-१६ तास घातला तर चालेल ना?"

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ पडदा असतो, जाडी साधारण पाव मिलिमीटर. दातावर मंद, सतत दाब आला की ज्या बाजूला पडदा दाबला जातो तिथलं हाड शरीर हळूहळू विरघळवतं, आणि ज्या बाजूला तो ताणला जातो तिथे नवं हाड भरतं. दात सरकतो तो असा. म्हणूनच एका ट्रेमध्ये दात साधारण पाव मिलिमीटरच हलवायचा ठरवलेला असतो. त्याहून जास्त रेटलं तर पडदा चिरडतो, तिथला रक्तपुरवठा थांबतो, दुखतं जास्त आणि दात मात्र अडून बसतो.

ट्रे काढला की दाब थांबतो आणि ताणलेले तंतू दाताला मागे ओढू लागतात. रोज आठ तास ट्रे बाहेर राहिला तर सोळा तासांत मिळवलेलं त्या आठ तासांत थोडंथोडं परत जातं. मग दहाव्या दिवशी तुम्ही पुढचा ट्रे घालता, पण दात अजून मागच्या ट्रेच्या जागीही पोचलेला नसतो. प्लास्टिक आणि दाताचं टोक यांच्यात आरशात पोकळी दिसायला लागते. ती दिसली की पुढे जाऊ नका. त्याच ट्रेवर आणखी काही दिवस थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. च्युई नावाची मऊ नळकांडी मिळते. ट्रे घातल्यावर ती पाच-दहा मिनिटं चावली की तो नीट खाली बसतो. ती डबीत पडून राहते, वापरा.

दुखलंच तर एखादी पॅरासिटामॉल घ्यायला हरकत नाही. आयबुप्रोफेन रोजच्या रोज नको, कारण ते शरीरातल्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या ज्या रसायनांना दाबतं त्यांचाच दात सरकण्यात वाटा असतो.

कवडसा

डॉक्टर, सुरुवातीला स्क्रीनवर दात सरकताना दाखवतात ते कितपत खरं मानायचं? माझा सुळा त्यात सुतासारखा सरळ झाला होता. प्रत्यक्षात ३० ट्रे घालूनही अर्धाच वळला. तास मी काटेकोर पाळले होते, घड्याळ लावून.

औदुंबर

तुमचं काही चुकलेलं नाही. ते चित्र म्हणजे आराखडा असतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आराखड्यातली हालचाल सरासरी ४१ टक्के प्रत्यक्षात उतरलेली आढळली. २०२० साली तशाच पद्धतीने पुन्हा मोजलं तेव्हा हा आकडा ५० टक्के निघाला. पहिल्यांदा हे वाचून लोक हादरतात. पण नंतरच्या ट्रेंची दुसरी-तिसरी फेरी याचसाठी असते.

सगळ्या हालचाली सारख्या सोप्या नसतात. दात पुढे-मागे कलवणं किंवा थोडी गर्दी सोडवणं अलाइनरला चांगलं जमतं. सुळे आणि लहान दाढा गोलसर असतात, त्यांना फिरवताना प्लास्टिक निसटतं, ओला पेला हातात फिरवताना निसटतो तसं. दात हाडातून खाली ओढून आणणं अवघड. आणि दात काढून झालेली मोठी जागा मुळासकट सरळ सरकवून बुजवणं हे सगळ्यात अवघड, त्यात दात कलंडतात. अशा केसमध्ये मी तारा सुचवतो, किंवा आधी काही महिने तारा आणि मग अलाइनर. काही ठिकाणी ट्रेला खाच पाडून वरच्या-खालच्या दातांमध्ये छोटे रबर लावावे लागतात.

डॉक्टर निवडताना एक प्रश्न जरूर विचारा: "माझ्या केसमध्ये तारांनी काय चांगलं होईल आणि अलाइनरने काय होणार नाही?" याचं उत्तर ठोस आणि तुमच्या दातांबद्दल असायला हवं.

दवबिंदू

मी इथे माझा वाईट अनुभव लिहिते, कुणाला तरी उपयोग होईल.

मी डॉक्टरांना प्रत्यक्ष न भेटता, घरी साचा घेऊन पाठवायचा, अशा प्रकारे ट्रे मागवले होते. एक्स-रे नाही, हिरड्यांची तपासणी नाही. फॉर्ममध्ये "हिरड्यातून रक्त येतं का" असा एक प्रश्न होता, मी "कधीकधी" लिहिलं. कुणी पुढे विचारलं नाही. पाचव्या महिन्यात खालचा एक दात हलायला लागला. दातांच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा कळलं की हिरडीचा आजार आधीपासून होता, हाड झिजलेलं होतं, आणि अशा हाडातून दात ढकलले जात होते. ट्रे त्याच दिवशी बंद केले. पुढचं वर्षभर हिरड्यांचे उपचार चालले. दात वाचला, पण तिथली हिरडी खाली गेली ती गेलीच. हसताना मी अजून खालचा ओठ वर धरते.

औदुंबर

दवबिंदू, तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. सूज असलेल्या हिरडीत दात हलवायचे नसतात. आधी हिरडी बरी करायची, काही महिने स्थिर राहते का बघायची, मगच सुरुवात.

ट्रे सुरू होण्याआधी या गोष्टी झाल्याच पाहिजेत: सगळ्या दातांचा एक मोठा एक्स-रे, हिरडीची खोली मोजणं, किडलेले दात भरणं. जबड्यांचा मेळ बसत नसेल तर बाजूने घेतलेला कवटीचा एक्स-रेसुद्धा. तोंडात इम्प्लांट असेल तर तो हलत नाही, हाडाला थेट जोडलेला असतो, त्यामुळे सगळा आराखडा त्याच्याभोवती बेतावा लागतो. कॅप असलेल्या दातावर अटॅचमेंट नीट चिकटत नाही, वरचेवर निघते. आणि तारा असोत की अलाइनर, उपचारात मुळांची टोकं थोडी आखूड होऊ शकतात. बहुतेकांत ते नगण्य असतं, पण उपचार लांबला तर मध्ये एकदा एक्स-रे काढून बघावं.

डॉक्टरांना न भेटता घरपोच ट्रे देणारी सगळ्यात गाजलेली कंपनी, स्माइलडायरेक्टक्लब, डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाली. कितीतरी लोकांचे उपचार अर्धवट राहिले आणि पुढे विचारायला कुणी उरलं नाही. दात सरकवणं हा वैद्यकीय उपचार आहे. तो करताना तुमच्या तोंडात स्वतः बघणारा माणूस हवाच.

रानजाई

माझा मुलगा १५ वर्षांचा आहे. त्याला तारा नकोत, अलाइनरच हवेत म्हणून हटून बसलाय. पण हा पाण्याची बाटली रोज कुठेतरी विसरून येणारा मुलगा. काय करावं?

मोरपीस

रानजाईताई, मी ४१ वर्षांची असून एकदा घालवला. जेवताना ट्रे टिश्यूपेपरमध्ये गुंडाळून ठेवला आणि ताटाबरोबर तो टिश्यू कचऱ्यात. कचऱ्याची पिशवी उपसली, सापडला नाही. तिसरा दिवस होता, म्हणून डॉक्टरांनी आधीच्या ट्रेवर परत जायला सांगितलं आणि तो नवीन करून मागवला. दहा-बारा दिवस गेले. तेव्हापासून नियम एकच: ट्रे एकतर तोंडात, नाहीतर डबीत. मागचा ट्रे कधी टाकून देऊ नका, अडचणीला तोच उपयोगी पडतो.

औदुंबर

किशोरवयीन मुलांसाठी काही अलाइनरवर निळा ठिपका असतो, तोंडात राहिल्याने तो हळूहळू फिका पडतो. तास पाळले जातायत का याचा अंदाज त्यावरून येतो. पण आईने रोज ठिपका तपासायचा, हे फार दिवस चालत नाही, घरात नुसती भांडणं होतात. मी मुलालाच समोर बसवून विचारतो. ट्रे बाहेर ठेवायच्या दोन-चार तासांचं गणित तो स्वतः मांडू शकतो का? खाणं कुठे-कुठे, डबी कुठे, ब्रश कुठे? मांडलं तर अलाइनर. नाही तर तारा, त्या विसरता येत नाहीत. तारा लावलेली मुलं मागे पडतात असं अजिबात नाही. अवघड केसेसमध्ये त्यांचं काम जास्त चोख होतं.

शाईपेन

मी फक्त वाचत होतो, पण या विषयाचा इतिहास मला फार आवडतो म्हणून थोडं लिहितो. दातांवर लवचीक साचा बसवून ते थोडेथोडे हलवायची कल्पना जुनी आहे. केसलिंग या अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्टने १९४५ मध्ये रबराचा असा साचा मांडला होता. दर टप्प्याला मेणात दात हाताने सरकवून नवा साचा करायचा, एवढी मेहनत कुणाला परवडणार? म्हणून ते मागे पडलं.

१९९७ मध्ये झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ यांनी अलाइन टेक्नॉलॉजी सुरू केली. चिश्ती यांनी स्वतः मोठेपणी तारा लावल्या होत्या. नंतरचा रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारा साचा, काही दिवस घातला नाही की दात सरकतात आणि परत घातला की जागेवर येतात, हे त्यांच्या लक्षात आलं. रिटेनर दाताला मागे आणू शकतो, तर संगणकावर टप्पे आखून केलेली साच्यांची मालिका पुढेही नेऊ शकेल, असा तो विचार. १९९८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, त्यांच्या इन्व्हिझलाइन या अलाइनरला मान्यता दिली. प्रत्येक टप्प्याचा त्रिमितीय साचा छापून त्यावर प्लास्टिकचा तापवलेला पत्रा ओढून बसवायचा, ही पद्धत आजही मुळात तीच आहे.

पाऊलवाट

हे माहीत नव्हतं! म्हणजे सगळ्याची सुरुवात रिटेनर न घालण्यातून झाली.

मोरपीस, संपल्यावर काही खटकतंय का? फोटोत न दिसणारं?

मोरपीस

हो, दोन गोष्टी. खालच्या मधल्या दोन दातांमध्ये हिरडीलगत एक बारीक काळा त्रिकोण दिसतो. आधी दात एकमेकांवर चढलेले होते तेव्हा ती जागा झाकलेली होती. दात सरळ झाले आणि हिरडीचं टोक तिथवर पोचलं नाही. डॉक्टरांनी दातांच्या कडा थोड्या घासून तो बराच कमी केला, पूर्ण गेला नाही. मला आधी माहीत असतं तरी मी उपचार घेतलेच असते, पण माहीत असायला हवं होतं.

दुसरी म्हणजे शेवटचे दोन-तीन महिने दाढा नीट टेकत नव्हत्या. पुढचे दात भिडायचे आणि मागे कागद सरकेल एवढी फट. मी घाबरून फोन केला. दिवसभर दोन प्लास्टिकच्या थरांवर चावून दाढा किंचित आत दबतात, असं त्यांनी सांगितलं. ट्रे संपून फक्त रात्री रिटेनर घालायला लागल्यापासून दाढा हळूहळू भिडायला लागल्यात, कालच डाव्या बाजूला नीट चावता आलं.

औदुंबर

बहुतेकांची ती फट आपोआप भरते. दोन-तीन महिन्यांत भरली नाही तर मात्र दाखवा, मग रबर लावून किंवा ट्रेचा मागचा भाग कापून दाढांना खाली यायला वाव द्यावा लागतो.

आणि आता रिटेनर. दात सरळ झाले म्हणजे हाड घट्ट झालं असं नाही. हिरडीतले तंतू पिळलेल्या दोरीसारखे असतात, त्यांना नव्या जागेची सवय व्हायला वर्षभरही लागतं. वळवलेला दात सगळ्यात आधी परत वळतो. शिवाय वयानुसार खालचे पुढचे दात सगळ्यांचेच थोडे दाटतात, कधी उपचार न घेतलेल्यांचेसुद्धा. त्यामुळे सुरुवातीचे काही महिने डॉक्टर सांगतील तितके तास, आणि नंतर रात्रीचा रिटेनर कायमचा. मी पेशंटला पहिल्याच भेटीत हे सांगतो, कारण शेवटी सांगितलं तर फसवल्यासारखं वाटतं, आणि ते रास्तच आहे. काहींना पुढच्या दातांच्या मागे बारीक तार चिकटवतो. ती दिसत नाही, पण तिच्या खालून दोरा घालून रोज साफ करावी लागते.

मोरपीस

मला खाली तार लावलीय आणि वर रात्रीचा रिटेनर. परवा घरी पाहुणे होते, गडबडीत दोन रात्री राहून गेला. तिसऱ्या रात्री घातला तर तोच तिरका दात असा दुखला, जणू पहिला ट्रे. दोनच रात्री! आता डबी ब्रशच्या पेल्यातच ठेवते.

पाऊलवाट

एक शेवटचं. ट्रे धुवायचा कशाने? पेस्टने घासला तर चालतो का?

मोरपीस

पेस्ट नको, तिच्यातल्या खरखरीत कणांनी प्लास्टिकवर ओरखडे पडतात, मग ते धुरकट दिसतं आणि वास धरतं. वेगळा मऊ ब्रश, सौम्य साबण आणि गार पाणी. गरम पाणी अजिबात नको. मी एकदा घाईत कढत पाण्याखाली धरला आणि तो डाव्या बाजूने उघडल्यासारखा झाला, पुन्हा बसलाच नाही. आणि सकाळी काढल्या काढल्या धुवायचा, वाळू द्यायचा नाही. वाळला की पांढरा थर बसतो, तो घासून निघत नाही.

स्कॅनला जाताना जुने एक्स-रे असतील तर घेऊन जा. आणि दुसऱ्या फेरीचं विचारायला विसरू नकोस.

पाऊलवाट

लिहून ठेवलं. हिरड्यांचंही विचारते, दवबिंदूमुळे. घासताना कधीतरी रक्त येतं, मी ते कुणाला सांगितलंच नव्हतं.